होडीच्या मोटरीतील बिघाड : पेण व रोहा खाडीभागासाठी काही सूचना

पेण तालुक्यातील धरमतर खाडीलगतचा खारेपाट आणि रोहा तालुक्यातील कुंडलिकेच्या खाडीलगतचा पट्टा येथील भातशेती मातीच्या बांधांच्या आधाराने उभी आहे. बांधाच्या एका अंगास खारे पाणी आणि दुसऱ्या अंगास भाताची खाचरे, अशी येथील रचना आहे. खारजमिनींच्या संरक्षणासाठी १९४८ साली मुंबई प्रांतात कायदा झाला व पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला. तथापि कायदा कोणताही असो, उधाणाच्या रात्री बाहेरच्या बांधास खांड पडली म्हणजे ती बांधून काढण्याचे काम गावातील माणसांनाच करावे लागते, आणि तेही पुढील भरती येण्यापूर्वी.

या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण भरती मध्यान्ही व मध्यरात्री येते. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची वेळ निघते, हा खाडीकाठच्या वृद्धांचा हिशेब सर्वांच्या परिचयाचा आहे. खाडीत जसजसे आत जावे तसतशी ही वेळ थोडी पुढे सरकते. म्हणजे उधाणाच्या दिवसांत खांड बांधण्यास दिवसाउजेडी मिळणारा अवधी दुपारी पाणी उतरू लागल्यापासून सूर्यास्तापर्यंतचा, जेमतेम पाच तासांचा असतो. पावसाळ्यात बांधावरून चालण्याजोगी वाट क्वचितच उरते. माणसे, फावडी, टोपल्या, वासे व चिकणमाती होडीतूनच न्यावी लागतात. अशा वेळी होडीच्या मागील मोटर सुरू झाली नाही आणि दोन तास दोरी ओढण्यात गेले, तर त्या दिवसाचे काम बुडाले असे समजावे. पुढील भरती तीच खांड अधिक रुंद करते आणि शेतात शिरलेल्या मिठाची झळ पुढील हंगामालाही लागते. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याची, तसेच जिताड्याची पिले आणून तळ्यात सोडणाऱ्या शेतकऱ्याची अडचण याहून निराळी असली, तरी मोटरीचा दोष तोच असतो.

होडीच्या मागील फळीवर अडकवावयाच्या या यंत्रास आउटबोर्ड मोटर म्हणतात. ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या यंत्रज्ञाने १९०९ साली अमेरिकेत असे यंत्र विक्रीसाठी बनविण्यास प्रारंभ केला. वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात पंखा, ही त्याची मूळ मांडणी आजही कायम आहे. आपल्या खाड्यांतील लहान होड्यांवर मुख्यतः दोन स्ट्रोकच्या मोटरी दिसतात. चार स्ट्रोकच्या मोटरीही आता येऊ लागल्या आहेत. दोहोंतील फरक पुढे योग्य त्या ठिकाणी दिला आहे.

खाडीत अडलेल्या मोटरींपैकी बहुतेक मोटरी मोडलेल्या नसतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. शिळे किंवा पाणी मिसळलेले पेट्रोल, काजळलेला प्लग आणि पाणी ओढणाऱ्या तोंडाशी बसलेला चिखल, ही तीन कारणे इतर सर्व कारणांना मागे टाकतात. तिन्ही दोष घरच्या घरी, फार तर एका पान्याने, दूर करता येतात. असे असूनही पुष्कळ ठिकाणी मोटर अडली की सर्वप्रथम कार्ब्युरेटर उघडण्यात येतो, त्यातील बारीक भाग होडीच्या तळच्या पाण्यात पडतात आणि पाच मिनिटांच्या दोषाचे रूपांतर पंधरा दिवसांच्या दुरुस्तीत होते. मोटरीस चालण्यासाठी इंधन, ठिणगी व दट्ट्याचा दाब लागतो आणि चालत राहण्यासाठी थंड पाणी लागते. यांतील जे तपासण्यास सोपे ते आधी तपासावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदल केल्यावर मोटर पुन्हा ओढून पाहावी. एकदम चार गोष्टी बदलल्यास मोटर सुरू झाली तरी दोष कशात होता हे कळत नाही, व तोच दोष पुढील खेपेस पुन्हा गाठतो.

नांगर आधी

खाडीच्या मध्यावर मोटर बंद पडताच पहिले काम मोटरीचे नसून नांगराचे आहे. ओहोटीचा ओढ होडीस मुखाकडे नेतो. धरमतर खाडीत डोलवी येथील पोलाद कारखान्याच्या धक्क्याकडे जाणाऱ्या बार्जांची ये-जा असते. अशा अवजड जहाजास थांबण्यास किंवा वळण्यास फार मोठे अंतर लागते आणि त्याच्या वाटेत वाहत आलेली लहान होडी त्यावरील माणसांना वेळेवर दिसेलच असे नाही. म्हणून शक्य तर वल्ह्यांनी होडी मुख्य प्रवाहातून बाजूस घ्यावी, नांगर टाकावा, नांगराचा दोर ताणला गेल्याची खात्री करावी आणि मग मोटरीचे झाकण काढावे. ज्या होडीत वल्ही नाहीत ती होडी मोटर कितीही नवी असली तरी खाडीत नेऊ नये. कुंडलिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी कोलाडवरून रोह्याकडे येते, त्यामुळे रोह्याच्या बाजूस नदीचा जोर भरती-ओहोटीच्या हिशेबाबाहेर वाढू शकतो.

मोटर सुरूच होत नसेल तर

हसण्यासारखी वाटली तरी पुढील तपासणी प्रत्येक वेळी करावी. चालकाच्या मनगटास बांधावयाच्या दोरीची कळ आपल्या जागी बसलेली आहे काय? ही कळ निघाली असता ठिणगी तुटते आणि मग दोरी शंभर वेळा ओढली तरी उपयोग होत नाही. गिअर मोकळा आहे काय? पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू सैल केला आहे काय? टाकी वाहून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो घट्ट केला जातो आणि होडीत बसल्यावर सैल करावयाचा राहून जातो. अनुभवी तांडेलही या ठिकाणी फसतात.

यानंतर पेट्रोलच्या नळीवरील रबरी फुगा दाबून पाहावा. फुग्यावरील बाण मोटरीच्या दिशेने असला पाहिजे. आठ-दहा वेळा दाबल्यावर फुगा टणक झाला, तर पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचले असे समजावे. तो मऊच राहिला, तर टाकी रिकामी आहे, नळीचा सांधा हवा ओढत आहे किंवा फुग्यातील झडप निकामी झाली आहे. सांध्यातील रबरी कडी झिजलेली असल्यास तेथे पेट्रोलचा ओलावा दिसतो. अशा वेळी ती कडी बदलणे हाच उपाय होय. चिंध्या गुंडाळून काम भागत नाही.

इंधन पोहोचत असल्यास प्लग काढावा. प्लगचा पाना होडीत नसल्यास पुढील सर्व मार्ग बंद होतात, म्हणून तो दोरीने होडीसच बांधून ठेवावा. प्लगचे टोक पाहून मोटरीची प्रकृती कळते. बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग निरोगी मोटरीचा. काळे व तेलकट टोक म्हणजे तेलाचे प्रमाण जास्त, चोक ओढलेला राहिला किंवा मोटर दीर्घकाळ अगदी मंद चालविली. जाळ्याच्या कामात मंद चालविणे अपरिहार्य असते, म्हणून परतताना काही वेळ मोटर जोराने चालविल्यास ही काजळी बऱ्याच अंशी जळून जाते. पांढरेफटक, फोड आल्यासारखे टोक मात्र धोक्याचे आहे. मोटर फार तापते, तेल कमी पडते किंवा पेट्रोल अपुरे मिळते, असा त्याचा अर्थ असून अशी मोटर कारण सापडेपर्यंत चालवू नये.

प्लग पेट्रोलने भिजून निघाला, तर मोटर ‘पाणावली’ असे म्हणतात. चोक मागे घ्यावा, मनगटाच्या दोरीची कळ काढून ठिणगी बंद करावी आणि प्लग बाहेर असतानाच दोरी सात-आठ वेळा ओढून आतील जादा पेट्रोल बाहेर टाकावे. प्लग स्वच्छ कापडाने पुसून, वाळवून पुन्हा बसवावा, कळ जागी लावावी, चोक न ओढता व वेगाची मूठ थोडी उघडून मोटर सुरू करावी. याउलट बरीच ओढाताण करूनही प्लग कोरडाच निघाला, तर पेट्रोल आत येत नाही, हे निश्चित.

ठिणगी पाहावयाची असल्यास प्लग त्याच्या टोपीत घालून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूस घट्ट टेकवावे व दोरी ओढावी. निळी, कडकडीत ठिणगी चांगली. पिवळी व क्षीण ठिणगी दोषाची. प्लग नवा घालूनही ठिणगी क्षीणच राहिली, तर विजेच्या भागात दोष आहे व तेथे गावातील काम संपते. ही परीक्षा करताना आसपास पेट्रोल सांडलेले नसावे, प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत नसावी आणि हात ओले नसावेत. टोपी अधांतरी ठेवून दोरी ओढण्याची सवय पुष्कळांना आहे. तिने माणसास झटका बसतो आणि नव्या प्रकारच्या मोटरींतील विजेचे भाग जळतात.

पेट्रोलचा दोष

पेट्रोलविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण अलीकडे यात मोठा बदल झाला आहे. २०२३ सालापासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले व २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषून घेते. रस्त्यावरील मोटारसायकलीची टाकी आठवड्यात रिकामी होते, त्यामुळे तिला याचा उपद्रव सहसा जाणवत नाही. होडीचा डबा मात्र खाडीच्या दमट हवेत, अर्धा भरलेला, महिनाभर पडून राहतो. शोषलेले पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतील नळी नेमकी तळाचेच इंधन ओढते. दोन स्ट्रोकच्या मोटरीत हानी दुप्पट होते, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल वरच्या थरातच राहते आणि मोटरीच्या पोटात तेलाविना तळाचा थर जातो.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. डबा रात्रभर न हलविता ठेवून तळाचे पेट्रोल नळीने एका पारदर्शक बाटलीत काढावे व अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी निराळा थर किंवा फिरणारे थेंब दिसले, तर ते इंधन मोटरीत घालू नये. वरचे चांगले असेल या आशेने तेवढेच काढून वापरणेही योग्य नाही. आठवड्यास पुरेल इतकेच पेट्रोल आणावे, डबा शक्य तितका भरलेला व घट्ट बंद ठेवावा आणि टाकीत ओतताना बारीक गाळणी वापरावी. जुन्या मोटरींच्या रबरी नळ्या या पेट्रोलने मऊ पडून आतून सुटतात व त्यांचे कण कार्ब्युरेटरमध्ये अडकतात. बोटांनी दाबून पाहता नळी चिकट किंवा भेगाळलेली वाटल्यास ती इथेनॉलला टिकणाऱ्या जातीची आणून बदलावी.

दोन स्ट्रोकच्या मोटरीत तेल किती घालावे, हे मोटरीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे. पन्नासास एक हे प्रमाण सांगितले असल्यास एका लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर तेल होते; पंचवीसास एक असल्यास ४० मिलिलिटर. अंदाजाने टोपणभर तेल ओतण्याची रीत सोडून मोजमापाचे भांडे वापरावे. तेल पाण्याने थंड होणाऱ्या होडीच्या मोटरीसाठीच बनविलेले, म्हणजे डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असा शेरा असलेले घ्यावे. मोटारसायकलीचे तेल स्वस्त पडते, पण त्याने प्लग लवकर काजळतो व दट्ट्याच्या कड्या चिकटतात. चार स्ट्रोकच्या मोटरीत पेट्रोलमध्ये तेल मिसळावयाचे नसते. तिचे तेल निराळ्या जागी असते व त्याची पातळी दांडीने पाहावी लागते. रॉकेलवर चालणारी मोटर पेट्रोलवर सुरू करून तापल्यावरच रॉकेलवर घ्यावी आणि थांबविण्यापूर्वी काही वेळ पुन्हा पेट्रोलवर चालवावी, म्हणजे पुढील वेळी ती सहज सुरू होते.

मोटर सुरू होते, पाच-दहा मिनिटे नीट चालते आणि मग धापा टाकीत बंद पडते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. मोटर मंदावू लागताच एकाने रबरी फुगा दाबीत राहावे. त्याने मोटर पुन्हा जोर धरू लागली, तर कार्ब्युरेटर निर्दोष असून पेट्रोल येण्याच्या मार्गात अडथळा आहे हे सिद्ध होते. हवेचा स्क्रू, टाकीतील जाळी, गाळणी, नळी व शेवटी मोटरीवरील पेट्रोलचा पंप, या क्रमाने पाहावे. फुगा दाबूनही फरक पडला नाही तरच कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून आतील पेट्रोल बाटलीत काढावे व त्यात पाणी आहे काय ते पाहावे. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे तारेने कधीही टोकरू नयेत. छिद्र केसभर मोठे झाले तरी मोटरीची तब्येत कायमची बिघडते. सायकलच्या पंपाची हवा त्यासाठी पुरेशी होते.

चिखल आणि पाण्याची धार

मोटर चालू असताना तिच्या अंगातून एक बारीक धार सतत बाहेर पडते. ही धार म्हणजे मोटरीची नाडी होय. खालच्या भागातील एक लहान रबरी चक्र खाडीचे पाणी वर चढविते, ते पाणी इंजिनाभोवती फिरून त्यास थंड करते व त्यातील थोडे या धारेच्या रूपाने दिसते. आंबा, भोगावती व कुंडलिका या नद्यांच्या खाड्यांतील पाणी गाळाने दाट असते. हा गाळ रबरी चक्रास सहाणेप्रमाणे झिजवितो. स्वच्छ समुद्रात दोन-तीन हंगाम टिकणारे चक्र येथे एका हंगामातच निकामी झाल्यास नवल नाही. म्हणून या भागात ते दरवर्षी बदलावे, असेच सांगणे योग्य ठरेल. नवे चक्र विकत घेण्यास मन कचरते, पण त्याच्या अभावी तापून जखडलेल्या इंजिनाचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

धार थांबली की मोटर त्याच क्षणी बंद करावी. ‘किनारा जवळच आहे, तेवढे नेऊ’ हा विचार मोटरीस घातक ठरतो. नांगर टाकून मोटर वर उचलावी आणि खालच्या भागावरील पाणी ओढणाऱ्या जाळीत चिखल, प्लॅस्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा तुकडा अडकला आहे काय ते पाहावे. जाळी स्वच्छ असूनही धार नसेल, तर धारेचे छिद्रच मिठाने किंवा मातीने बुजलेले असू शकते. किनाऱ्यावर पडून असलेल्या मोटरीच्या या छिद्रात कुंभारीण माशी घर करते, हे अनेकांनी पाहिले असेल. येथे मात्र बारीक तार घालण्यास हरकत नाही. एवढे करूनही धार आली नाही, तर वल्ही हाती घ्यावीत.

ओहोटीच्या शेवटी उथळ पाण्यातून वाट काढताना पंख्याने चिखल घुसळला जाऊ लागला, म्हणजे मागे करडा गढूळ पट्टा दिसू लागला, की मोटर बंद करून वर घ्यावी व बांबूने होडी ढकलावी. खारबंदिस्तीच्या उघाडीजवळ तर मोटर अजिबात चालवू नये. तेथील गाळ सर्वांत मऊ असतो आणि उघाडीतून येणारी काडी-कचऱ्याची भर त्यात पडते. कोरड्या जमिनीवर, पाण्याविना, मोटर ‘नुसती सुरू होते का’ हे पाहण्यासाठी ओढणे हीही अशीच घातक सवय होय. पाणी नसताना रबरी चक्र थोड्याच सेकंदांत घासून जळते.

मोटर चालते पण होडी पळत नाही

इंजिनाचा आवाज चढतो आणि होडी जागची हलत नाही, तेव्हा दोष पंख्याकडे असतो. लहान मोटरींत पंखा एका मऊ धातूच्या पिनेने दांड्यास जोडलेला असतो. पंखा खडकावर किंवा बुडालेल्या ओंडक्यावर आदळला की ही पिन तुटते व आतील दंतचक्रे वाचतात. तुटण्यासाठीच ती केलेली आहे. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकण्याची युक्ती सर्रास केली जाते. पुढील धक्क्यास खिळा तुटत नाही, दंतचक्र तुटते. जादा पिना व त्यावरील दुभंगी खीळ मोटरीच्या झाकणात चिकटपट्टीने लावून ठेवाव्यात. मोठ्या मोटरींत पिनेऐवजी पंख्याच्या मध्यभागी रबराचा गोळा दाबून बसविलेला असतो. तो सुटला असता मंद गतीस पंखा ओढतो व जोर देताच घसरतो. अशा वेळी मंद गतीनेच घर गाठावे.

पंख्यामागे नायलॉनचा दोरा गुंडाळला गेला असल्यास तो कापून काढावा, कारण तो आतील तेलबंद कडी कापतो व गिअरच्या तेलात पाणी शिरते. गिअरचे तेल दुधासारखे पांढरे दिसू लागले की ही कडी गेली असे समजून मोटर दुरुस्तीस द्यावी. याखेरीज मोटर फळीवर फार उंच बसविली असता पंखा हवा ओढतो व घरघरतो. पंख्याच्या वरील आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तीहून दोन-अडीच सेंटिमीटर खाली असावी. आणि कित्येकदा मोटरीत काहीच दोष नसतो. होडीच्या तळास कालवे व शेवाळ धरलेले असते, किंवा चौघांच्या होडीत दहा माणसे आणि ओली माती भरलेली असते. खांड बांधण्याच्या घाईत होणारी ही चूक सर्वांत धोक्याची आहे. माती व माणसे निरनिराळ्या खेपांनी न्यावीत आणि प्रत्येकाच्या अंगावर तरंगणारे जाकीट असावे.

बुडालेली मोटर

फळीवरील पकडीचे स्क्रू सैल होऊन मोटर पाण्यात पडण्याचे प्रकार घडतात. मोटरीस नेहमी एक मजबूत दोर बांधून तो होडीस अडकवावा. बुडालेली मोटर बाहेर काढल्यावर वाळत घालू नये. हवा लागताच आतील खारट ओलावा काही तासांत गंज आणतो. गोड्या पाण्याने ती आतबाहेर धुवावी, प्लग काढून, मोटर आडवी-उभी करून पाणी पूर्ण निथळू द्यावे, प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून दोरी हळू ओढावी आणि कार्ब्युरेटरमधील व टाकीतील सर्व इंधन बदलून त्याच दिवशी ती पिंपात चालवावी. चार स्ट्रोकच्या मोटरीचे तेलही बदलावे लागते. त्याच दिवशी चालविणे शक्य नसल्यास कारागिराकडे पोहोचेपर्यंत ती गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी. ऐकण्यास विचित्र वाटले तरी गंज टाळण्याचा हाच मार्ग आहे. मोटर चालू असताना बुडाली असेल, आत वाळू गेली असेल किंवा दोरी ओढताना अडत असेल, तर मात्र ती सुरू करण्याच्या भरीस न पडता कारागिराकडे न्यावी.

गोडे पाणी

प्रत्येक फेरीनंतर मोटर पिंपातील गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटे मंद गतीने चालवावी, असे सर्वच पुस्तिका सांगतात. पिंपातील पाणी पंख्यावरील आडव्या पट्टीच्या वर असावे व गिअर मोकळा असावा. परंतु खारेपाटातील अनेक गावांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ असते. हंड्यासाठी मैलभर चालणाऱ्या घरास मोटरीसाठी पिंपभर पाणी ओता असे सांगणे व्यवहार्य नाही. अशा ठिकाणी एकच पिंप चार-पाच मोटरींनी मिळून वापरावे. मोटरीचा बाहेरचा चिखल खाडीच्याच पाण्याने धुऊन मग ती पिंपात घालावी, म्हणजे तेच पाणी अनेक दिवस चालते. त्यात साबणाचा फेस येईनासा झाला की ते फार खारट झाले असे समजून बदलावे. हे पाणी गुरांना पाजू नये अथवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात पेट्रोल व तेल असते. आंबेतून नागोठण्याच्या बाजूस किंवा कुंडलिकेतून रोह्याच्या बाजूस जाणाऱ्या होड्यांना अधिक सोपा उपाय आहे. पावसाळ्यात व त्यानंतर काही महिने, ओहोटीच्या वेळी वरच्या अंगाचे पाणी साबणास फेस देण्याइतके गोडे असते. तेथे दहा मिनिटे चालविलेली मोटर आपोआप धुतली जाते.

१ जून ते ३१ जुलै या काळात मोटर लावलेल्या व यांत्रिक बोटींना समुद्रातील मासेमारीस बंदी असते व पुष्कळ मोटरी त्या दोन महिन्यांत घरी येतात. ठेवण्यापूर्वी पिंपात मोटर चालू असतानाच पेट्रोलची नळी काढावी, म्हणजे कार्ब्युरेटरमधील इंधन संपून ती आपोआप थांबते. प्लग काढून चमचाभर तेल आत सोडावे, दोरी दोन-तीन वेळा हळू ओढावी व प्लग पुन्हा लावावा. गिअरचे तेल त्याच वेळी बदलावे, कारण त्यात पाणी असल्यास दोन महिन्यांत दंतचक्रे गंजतात. खालच्या भागावर लावलेली जस्ताची वडी निम्म्याहून अधिक झिजली असल्यास नवी बसवावी. तिच्यावर रंग लावू नये, रंगविलेली वडी काम करीत नाही. मोटर आडवी न टाकता लाकडी घोडीवर उभी ठेवावी आणि सुती कापडाने झाकावी. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळल्यास आत घाम धरतो.

गावातील ज्या होडीवर खांड बांधण्याची भिस्त आहे, तिची मोटर मात्र याप्रमाणे बांधून ठेवता येत नाही, कारण तिची खरी गरज आषाढ-श्रावणाच्या उधाणांतच पडते. तिच्यासाठी ताजे पेट्रोल आठवड्याच्या हिशेबाने निराळे ठेवावे. प्रत्येक अमावास्येच्या व पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ती पिंपात सुरू करून धार पाहावी. दोन नवे प्लग, प्लगचा पाना, पक्कड, पिना, पेट्रोलची गाळणी, ओढण्याची जादा दोरी, कोरडे कापड व विजेरी, एवढे सामान झाकणाच्या डब्यात घालून होडीत ठेवावे, आणि तो डबा कोणाच्या घरी आहे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे.